मोजणी बरोबर, माणूस कमी

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला पत्र पाठवून तीन सूचना केल्या आहेत. लेखाची सुरुवात पहिल्या परिचयाने करावी, लेख प्रसन्न असावा आणि गायरानाच्या प्रकरणाचा उल्लेख टाळावा. पहिली सूचना मी पाळतो. बाकीच्या दोन पाळणे मला जमणार नाही, कारण कर्नल मारुती गेनबा शिंगाडे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो की मला प्रसन्न वाटत नाही, राग येतो. साहेबांचा नव्हे. त्यांच्या गावाचा, सत्कार समितीचा, आणि त्या समितीचा चिटणीस म्हणून माझा स्वतःचा. चौसाळ्याच्या पलीकडे डोंगराला टेकून असलेल्या आमच्या वाडीच्या शाळेवर मी अठरा वर्षे शिक्षक होतो, निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. हा लेख ग्रंथात छापला नाही तर तो मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून काढीन. माझे अक्षर चांगले आहे असे सगळे म्हणतात. त्या अक्षराने काय उद्योग करून ठेवला, ते पुढे येईलच.

पहिला परिचय वीसेक वर्षांपूर्वीचा. मी वाडीत नुकताच बदलून आलो होतो आणि कर्नल साहेब सैन्यातून निवृत्त होऊन कायमचे गावी येणार होते. एकाहत्तरच्या युद्धात, वयाच्या एकविसाव्या वर्षी वीरचक्र मिळवलेला माणूस, तोही मेंढपाळाच्या घरातला. गावाने स्वागताला काही कमी ठेवले नाही. बीडहून बँड आला, फाट्यापासून कमानी लागल्या, शाळेच्या मुलींच्या हातात आरतीची ताटे दिली. मानपत्र लिहिण्याचे काम नव्या गुरुजींकडे, म्हणजे माझ्याकडे आले. मी त्यात रणधुरंधर, शौर्यभास्कर असे होते नव्हते ते सगळे शब्द ओतले आणि सोनेरी चौकटीत ते बसवून आणले.

साहेब जीपमधून उतरले. अंगात साधा कोट, छातीवर पदके. त्यांनी सगळ्यांना हात जोडले, गळ्यात हार घालून घेतले आणि मग जमलेल्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली. घाईने नाही. डावीकडून उजवीकडे, एकेक चेहरा बघत. मग त्यांनी विचारले, "दादा कुठायत?"

दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू भिवाजी. वडील लवकर गेल्यावर यांनी शाळा सोडून मेंढरे सांभाळली, म्हणून धाकट्या मारुतीरावांना चौसाळ्याला आणि पुढे अंबाजोगाईला शिकता आले. हे सगळ्या गावाला ठाऊक होते. आणि तरीही स्वागताचा दिवस भिवादादांना कोणी कळवलाच नव्हता. ते डोंगरामागे मेंढरे चारत होते. तेव्हाचे सरपंच म्हणाले की येतील मागून, आपण मिरवणूक तर सुरू करू. साहेबांनी गळ्यातले हार काढले, शेजारी मी उभा होतो म्हणून माझ्या हातात दिले आणि चालत डोंगराकडे निघाले.

आम्ही दीड तास उन्हात उभे. बँडवाल्यांनी बिड्या ओढल्या, मुलींच्या ताटातले दिवे विझले. मग डोंगराच्या वाटेने धूळ दिसली. दोघे भाऊ येत होते, आणि त्यांच्यामागे सगळी मेंढरे, कारण ती सोडून यायचे कोणाच्या भरवशावर? मिरवणूक निघाली ती तशीच. जीपमध्ये घोंगडी पांघरलेले भिवादादा, जीपपुढे पायी कर्नल साहेब, आणि बँडच्या पोरांमधून, आरतीच्या ताटांमधून वाट काढणारी मेंढरे. अर्धी फुले त्यांनीच खाल्ली. मानपत्र स्वीकारताना साहेबांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचले आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, "गुरुजी, माझ्या शिक्षणाची एक ओळ आहे यात. ते कुणी केलं, त्याची न्हाई."

मला तेव्हा रागच आला होता. चार रात्री जागून लिहिलेल्या मानपत्राची ही किंमत, असे वाटले. आज त्या रागाची लाज वाटते, पण तो आला होता हे खोटे कशाला सांगू?

रागातच मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मानपत्रात ती ओळ घालून देतो, असे म्हणायचे होते आणि जमलेच तर थोडे भांडायचेही होते. भिवादादा ओट्यावर काठी तासत होते. वहिनींनी, म्हणजे भिवादादांच्या पत्नी सरूबाईंनी, मेंढीच्या दुधाचा चहा दिला. मी विचारले की हजारभर माणसांच्या गर्दीत एक माणूस नाही हे साहेबांना क्षणात कसे कळले. त्यावर साहेबांनी जे सांगितले ते त्यांच्या पदकाच्या कागदात नसावे. कागदात असते अतुलनीय शौर्य वगैरे.

शत्रूची एक चौकी त्यांच्या तुकडीने पहाटे घेतली होती. दाट धुके, वरून तोफांचा मारा. हवालदारांनी माणसांची मोजणी केली आणि येऊन सांगितले, "गिनती पूरी है, साहब." तेव्हाचे सेकंड लेफ्टनंट शिंगाडे रांगेवरून चालत गेले, चेहरे बघितले आणि म्हणाले की दौलत नाही. हवालदार जुने, मुरलेले. त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा आकडा बरोबर. झाले होते असे की धुक्यात शेजारच्या तुकडीतला एक जवान चुकून यांच्यात मिसळला होता, आणि यांचा दौलत मागे तारेच्या कुंपणापाशी पाय फुटून पडला होता. आकड्याला त्याचा पत्ताच नव्हता. साहेब एकटे मागे गेले आणि त्याला पाठीवर घालून घेऊन आले. येताना गोळा फुटला, त्याचे तुकडे डाव्या खांद्यात शिरले. दौलतरावांचा पाय गेला, जीव राहिला. ते साताऱ्याकडे पिठाची गिरणी चालवतात आणि दर दिवाळीला साहेबांना फोन करतात.

"तुम्हांला चेहरे इतके पाठ कसे?" मी विचारले. उत्तर ओट्यावरून भिवादादांनी दिले, काठीवरून नजर न काढता. "आमी मेंढरं मोजत न्हाई, गुरुजी. मोजल्यावर किती हायेत ते कळतं. कोन न्हाई, ते कळत न्हाई."

भिवादादा आता नाहीत. पण त्यांच्या धाकट्या भावाने पुढली वीस वर्षे या गावात जे काही केले ते याच एका सवयीच्या जोरावर केले. आणि मी ते जवळून पाहूनही शिकलो नाही.

त्यांचे काम सांगतो. गावच्या गायरानावर त्यांनी सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करून घेणे सुरू केले. फी नाही, पावती नाही, फलक नाही. रोज सकाळी पंचक्रोशीतली पोरे-पोरी येतात, गायरानाला फेऱ्या मारतात. हजेरीपट मी करून दिला होता, छान रकाने आखून. साहेबांनी तो कधी उघडला नाही. ते पोरांच्या समोरून एक चक्कर मारतात आणि विचारतात, "लिंबागणेशची ती पोरगी का आली न्हाई?" कारण कळले की संध्याकाळी ते तिच्या घरी. मी एकदा बरोबर गेलो होतो. बापाने पोरीला पाठवणे बंद केले होते, कारण तिच्याकडे पळायचे बूट नव्हते आणि अनवाणी पळताना लोक हसतात हे तिने घरी सांगितले होते. साहेबांनी बूट दिले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः अनवाणी पळू लागले, आणि आठवडाभरात निम्मे मैदान अनवाणी पळत होते. ती पोरगी आज पोलिसात आहे. बूट तिला सरकारने दिले.

त्यांच्या तत्त्वांबद्दल भाषणात सगळेच बोलतात. मी एकच गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या एका वजनदार पुढाऱ्यांनी आपल्या पुतण्यासाठी साहेबांचे शिफारसपत्र मागितले. साहेब म्हणाले की पुतण्या चौथ्या फेरीला बाभळीमागे थांबतो आणि पाचवीला पुन्हा सगळ्यांत मिसळतो, हे मी महिनाभर बघतोय. पत्र देतो, पण त्यात बाभळ लिहावी लागेल. पुढाऱ्यांनी पत्र नेले नाही. पण पुढच्या पंधरा ऑगस्टला त्यांनीच साहेबांना शाल घातली, आणि फोटोसाठी साहेबांचा डावा हात धरून वर ओढला.

या हाताबद्दल मला बोलायचेच आहे. तो हात खांद्याच्या वर जात नाही. एकाहत्तरपासून जात नाही. आम्ही ज्या खांद्यावर शाल टाकतो तो हा खांदा, आणि फोटोत जो हात वर करायला लावतो तो हा हात. वीस वर्षांत पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, गणपती, जयंत्या, दुकानांची उद्घाटने धरून किती शाली झाल्या असतील? एकाही माणसाने विचारले नाही की साहेब, दुखते का? मीही नाही. मला ते कळले कसे, तर माझ्या घरातल्या आजारपणात.

माझी पत्नी अचानक आजारी पडली आणि मी तिला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेलो. गावात कोणाला सांगितले नव्हते, वेळच नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाबाहेर बघतो तर साहेब बाकावर बसलेले. मी दोन दिवस गायरानाकडे फिरायला आलो नाही म्हणून ते घरी गेले, कुलूप बघितले, शेजारी विचारले आणि जुनी जीप काढून आले. अकरा दिवस ते तिथे राहिले. जेवणाचा डबा आणायचे, औषधाच्या रांगेत उभे राहायचे, मला जबरदस्तीने झोपवायचे. एका दुपारी मी त्यांना वरच्या कप्प्यातली पिशवी काढायला सांगितली. त्यांनी उजवा हात लांबवला, जड पिशवी एका हाताने निघेना, तेव्हा बाकावर चढले. सत्तरीला आलेला माणूस बाकावर चढला, डावा हात वर गेला नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "राहू द्या, गुरुजी. कुणी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

अशा माणसाची पंचाहत्तरी आली. आणि आम्ही ठरवले की या वेळी शालीवर भागवायचे नाही.

आता गायरानाचे प्रकरण. समितीची कल्पना अशी की साहेबांच्या नावाने भव्य संकुल उभारावे. सभागृह, प्रवेशद्वार, आत साहेबांचा पुतळा, आणि रस्त्याच्या अंगाला दुकानांचे गाळे. जागा कुठली? गायरानाचा पाझर तलावाला लागून असलेला सपाट तुकडा. वाडीतली मेंढपाळ घरे दिवाळी झाली की मेंढरे घेऊन गोदाकाठी, गंगथडीला उतरतात आणि मृगाच्या सुमारास परततात. पावसाळाभर त्यांच्या मेंढरांना चरायला हाच तुकडा आणि प्यायला हेच पाणी. हे मला ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव आला. मसुदा माझा. 'समस्त ग्रामस्थांच्या एकमुखी इच्छेनुसार' हे शब्द माझे, वळणदार, शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी. ग्रामसेवकांनी माणसे मोजली, कोरम भरला. हात वर झाले, तेही मोजले. विरोधात एकही नाही. असणार कसा? ज्यांनी विरोध केला असता ती सगळी माणसे वीस-पंचवीस कोसांवर कोणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरे बसवत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या, जिलेबी खाल्ली. मला खरेच सांगायचे तर त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, आणि आज सर्वांत जास्त चीड त्या आनंदाची येते.

ठरावाची प्रत आणि पेढे घेऊन आम्ही साहेबांच्या घरी गेलो. सरपंच, ग्रामसेवक, समितीचे लोक आणि मी. साहेबांनी चष्मा लावून ठराव वाचला. मग विचारले, सभेला कोण होते? ग्रामसेवक म्हणाले, कोरम पूर्ण होता साहेब, सह्या मोजून घेतल्यात. साहेबांनी प्रत घडी करून माझ्या हातात दिली. "गुरुजी, कोण नव्हतं?"

मी घडी खिशात घातली. समितीतले एक जण म्हणाले की साहेब, हे सगळे तुमच्यासाठीच आहे. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. पेढ्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप माझ्या दारात उभी राहिली आणि त्यांनी मला बसायला सांगितले.

गंगथडीला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. कापणी झालेल्या रानात वाडीचा तळ पडला होता. वाघरीच्या जाळीत कोकरे, घोडी मोकळी, चुलीवर भाकरी. भिवादादा गेल्यापासून तळाचा सगळा कारभार सरूबाई वहिनींच्या हाती आहे. सत्तरी उलटली तरी रोज दोन-चार कोस चालतात. दिराला बघून त्या उठल्या, पाणी दिले. साहेबांनी तळावरच्या सगळ्यांना गोळा केले आणि मला म्हणाले की गुरुजी, तुम्ही लिहिलंय, तुम्हीच वाचून दाखवा.

मी वाचले. 'समस्त ग्रामस्थांच्या एकमुखी इच्छेनुसार' या ओळीपाशी मी कागद खाली केला. तरी शेवटपर्यंत वाचले, कारण साहेब माझ्याकडे बघत होते.  वहिनींनी कागद हातात घेतला, उलटा सुलटा बघितला आणि परत दिला.

"अक्षर लई चांगलं हाय म्हनत्यात तुमचं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "आमी मिरगाला येऊ तवा मेंढरं कुठं न्यायची, ते लिवलंय का ह्यात?"

मी म्हणालो, नाही.

"कावून न्हाई लिवलं?"

मी कागदाची घडी घातली. साहेबांना त्या म्हणाल्या, "भावजी, तुमच्या नावाचं हाय म्हनून आमी काय बोलावं? पर तुमचे दादा आसते तर लई वाईट वाटलं असतं त्यास्नी." साहेबांनी वहिनींच्या पायाला हात लावला. मला ते परतीच्या वाटेवर एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यांनी तहसीलला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले की या कामाला माझे नाव देण्यास माझी संमती नाही, आणि ज्यांची गुरे-मेंढरे गायरानावर चरतात ते गावात असताना ग्रामसभा पुन्हा घ्यावी. समितीला कळवले की तोवर सत्कार नको. मग काय, ज्यांनी शाली घातल्या होत्या त्यांच्याच जिभा सुटल्या. साहेबांचे वय झाले. साहेबांना मोठेपणा पचत नाही. जातीवर गेले शेवटी. हे शेवटचे वाक्य माझ्यासमोर चहाच्या टपरीवर बोलले गेले, आणि बोलणारे या सत्काराच्या स्वागत समितीत आहेत. नाव लिहीत नाही, ते हा लेख वाचतील आणि त्यांना ते कळेल. ज्या माणसाने साताऱ्याच्या दौलतसाठी खांदा फोडून घेतला त्याची जात तुम्ही टपरीवर काढता, आणि व्यासपीठावर त्याच्या गळ्यात हार घालता. थोडी लाज शिल्लक असेल तर सत्काराच्या दिवशी मागच्या रांगेत बसा.

मृग लागला, तळ परतला आणि आषाढात पुन्हा ग्रामसभा भरली. शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली. या वेळी मेंढपाळ घरांतली माणसे आली होती, पटके बांधून, बायका पदर सावरून. ग्रामसेवकांनी मोजणी केली आणि कोरम पूर्ण असल्याचे जाहीर केले. सरपंचांनी विषय वाचायला सुरुवात केली. साहेब शेवटच्या रांगेत जमिनीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितले. 

मी उठलो. डावीकडून उजवीकडे बघत गेलो, एकेक चेहरा. मला वेळ लागला, अठरा वर्षे हजेरी घेतलेला माणूस मी, पण मला वेळ लागला. मग मी म्हणालो की सभा थांबवा, सरूबाई वहिनी नाहीत. त्यांचा मुलगा म्हणाला, "आय गायरानावर हाय. मेंढरांपाशी कुनीतरी पायजे ना." सरपंच वैतागून म्हणाले की गुरुजी, कोरम झालाय. मी म्हणालो, कोरम झालाय, वहिनी नाहीत. तुम्ही थांबा.

मी गायरानावर गेलो. वहिनींना म्हणालो की तुम्ही सभेला जा, मेंढरे मी बघतो. त्यांनी माझ्या पांढऱ्या पायजम्याकडे बघितले, काठी माझ्या हातात दिली आणि गेल्या. म्हणून त्या सभेत काय झाले ते मी पाहिलेले नाही. वहिनी काय बोलल्या ते मला माहीत नाही. ज्या सभेची मी सहा महिने वाट पाहिली ती चालली असताना मी तलावाकाठी मेंढरांमागे धावत होतो, आणि जबाबदारी म्हणून त्या गेल्याबरोबर मी मेंढरे मोजून ठेवली होती. त्या परत येताना दिसल्या तेव्हा पुन्हा मोजली. आकडा तंतोतंत जुळला.

वहिनींच्या मागोमाग साहेब येत होते. वहिनी म्हणाल्या, "खोडला, गुरुजी. तुमचा कागूद खोडला." मला एवढे बरे वाटले की मी अभिमानाने सांगितले, तुमची मेंढरेही पूर्ण आहेत, दोनदा मोजली. वहिनींनी कळपावरून एकदा नजर फिरवली.

"मोजली कशाला?" त्या म्हणाल्या. "काळ्या कानाचं कोकरू न्हाई. आन हे तांबडं कुनाचं हाय?"

तांबडे शेजारच्यांचे निघाले. साहेब इतके हसले की खाली बसले. मग आम्ही तिघे काळ्या कानाचे कोकरू शोधायला निघालो आणि ते बोरीच्या जाळीत अडकलेले सापडले. ते साहेबांनी काढले, उजव्या हाताने. डाव्या बाजूची फांदी मी धरली.

एवढे लिहून मी चिटणीसपदाचा राजीनामा देत आहे. सत्कार आता गायरानावर होणार आहे, मेंढरे गावात असताना. शाल उजव्या खांद्यावर ठेवावी आणि कोणीही साहेबांचा हात ओढू नये, एवढी माझी विनंती आहे.

साहेब, आपणांस दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. रीत म्हणून मी हे लिहीत नाही, काळजी वाटते म्हणून लिहितो. या गावाला आपली आठवण ठेवता येईल, पुतळाही उभारता येईल, आपल्यासारखे बघणे अजून येत नाही. आपण नसाल त्या दिवशीही आमच्या सभेत मोजणी बरोबरच भरेल, आणि आम्ही टाळ्या वाजवून घरी जाऊ. म्हणून भरपूर जगा, साहेब. आम्ही अजून मोजतोच आहोत.